तीन नावं

ऑगस्ट अर्धा सरला तरी आभाळाला पाझर फुटला नव्हता. मका गुडघ्याएवढा होऊन थांबला होता आणि त्याची पानं सुतळीसारखी वळली होती. अशात एका मंगळवारी सकाळी ऑर्फा काइम धारा काढायला गोठ्यात गेली, तर डोण कोरडी. वरच्या टेकडीवरच्या झऱ्याची नळी रात्रंदिवस त्या डोणीत वाहायची. आज तिच्या तोंडातून थेंब नव्हता. चौदा गायी डोणीत माना घालून उभ्या होत्या आणि तिनंच पाणी पिऊन टाकल्यासारख्या तिच्याकडं बघत होत्या.

"झरा आटला असंल," ती नवऱ्याला म्हणाली.

मेनो नळीला कान लावून बसला. मग गुडघे झटकत उठला. "झरा न्हाई आटला. वरनं वॉल्व्ह बंद केलाय."

झरा उरिया श्लाबाखच्या रानात होता. उरियाच्या आज्यानं आणि मेनोच्या आज्यानं मिळून ती नळी पुरली होती आणि पाणी दोन्ही घरांचं, असं हातात हात देऊन ठरवलं होतं. कागद केला नव्हता. आपल्या पंथाच्या माणसांत कागद करतंय कोण, आणि कोर्टाची पायरी तर कुणी चढतच नाही.

मेनो म्हणाला, "दुपारी जातो, बोलतो." ऑर्फाला त्याची दुपार माहीत होती. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि मेनोची दुपार कधी उगवत नाही, हे ती पुरतं जाणून होती. तिनं दोन बादल्या उचलल्या आणि स्वतःच टेकडी चढली.

वर सव्हिला श्लाबाख दोरीवर धुणं वाळत घालत होती. तिनं ऑर्फाला पाहिलं, हातातला चिमटा दातांत धरला आणि चादरीच्या आड गेली. सव्हिला कुणाशीच फार बोलत नसे, त्यामुळं ऑर्फाला त्याचं काही वाटलं नाही. उरिया गोठ्याच्या दारात उभा होता. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, दाढी छातीपर्यंत.

"काय काम काढलंस?"

"खाली पाणी येत न्हाई."

"कसं येईल? माझी तीस जनावरं हायेत. ती पितील, मग उरलं तर तुमची."

"ठरलं तसं न्हाई. दोघांच्या आज्यांनी..."

"आजे कबरस्तानात हायेत. जा, त्यांना इचार." तो हसला नाही. "आणि मेनोला काय झालं? बायकोला पुढं करून घरात बसलाय व्हय?"

त्याची डोण काठोकाठ भरली होती. वरून पाणी सांडून भोवती चिखल झाला होता.  ऑर्फानं एक बादली डोणीच्या कडेला टेकवली. उरियानं ती पायानं सरकवली. जोरात नाही, वाटेतली कोंबडी सरकवावी तशी. बादली चिखलात कलंडली. ऑर्फानं ती उचलली आणि खाली आली. येताना मागं बघायचं नाही एवढं एकच तिनं सांभाळलं.

दुसऱ्या दिवशी मेनो वर जाऊन आला.

"काय म्हणाला?"

"मी माफी मागितली," मेनो म्हणाला. "न इचारता त्याच्या डोणीत बादली घालाया गेलीस म्हणून."

ऑर्फाच्या हातात पीठ होतं. ती तशीच उभी राहिली. "आणि पाणी?"

"पाण्याचं काढलं न्हाई. आधी मन साफ व्हावं, मग पाणी."

त्या दिवसापासून ओढ्याच्या खेपा सुरू झाल्या. ओढा दोन मैलांवर. दुधाच्या पत्र्याच्या कॅना गाडीवर चढवायच्या, दोन घोडे जुंपायचे, खडकातल्या डबक्यातून तांब्यातांब्यानं कॅना भरायच्या, परत यायचं. दिवसातून तीन खेपा. ऑर्फाच्या तळहातावरची कातडी निघाली. रविवारी प्रार्थनेच्या सभेला गेली की बायका हातात हात घेऊन अभिवादन करायच्या आणि तिचा हात लागताच दचकायच्या. "अगं, हे काय झालं?" कुणी विचारलं तर ती म्हणायची, "खेपा." बाकीचं सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी उरियाला काही बोललं नाही. त्याच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती.

सप्टेंबरात त्यांची गाभण घोडी ओढ्याच्या काठावर घसरली. गाडी मागून तिच्या अंगावर आली. घोडी वाचली. तिसऱ्या दिवशी शिंगरू मेलेलं पडलं, पाय अंगाशी दुमडून घेतलेलं. मेनोनं कुंपणाशी खड्डा खणला. माती ओढता ओढता तो म्हणाला, "देवाची मर्जी."

ऑर्फा म्हणाली, "देवाला कशाला मधे घेतोस?"

मग पाऊस आला, उशिरा आणि भरपूर. झरा दणकून वाहायला लागला. वॉल्व्ह मात्र बंदच राहिला. आता प्रश्न पाण्याचा राहिला नव्हता, मानाचा झाला होता.

ऑक्टोबरात प्रभुभोजनाचा, भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा, दिवस ठरला. त्याच्या आधी दोन आठवडे शांतीची सभा असते. बाकांच्या ओळीतून फिरत एकेकाला विचारतात, देवाशी आणि माणसांशी तुझी शांती आहे का. एकाचंही उत्तर 'नाही' आलं तरी सगळ्या मंडळींचं भोजन अडतं. ऑर्फानं "आहे" म्हटलं. गरम घास गिळावा तसं चटकन म्हटलं, जीभ भाजायच्या आत.

त्या वर्षी म्हातारा उपदेशक वारला होता, म्हणून भोजनाच्याच दिवशी नवा निवडायचा होता. हे पद कुणी मागत नाही. पगार नाही, शिक्षण नाही, सुटका तर मरेपर्यंत नाही. हातात कागद न घेता माणसांपुढं तासभर उभं राहून बोलायचं आणि घरी मका शेतात उभा. ज्याच्या गळ्यात पडतं, त्याच्या घरी संध्याकाळी लोक सांत्वनाला जातात.

बिशप जोनास आणि त्यांचा मदतनीस डीकन आतल्या खोलीत बसले आणि दार बोटभर उघडं ठेवलं. आधी पुरुष, मग बायका, एकेक जण दारापाशी जाऊन फटीत एक नाव कुजबुजून परत येत होता. ज्याचं नाव तिघं घेतील, म्हणजे ज्याची तीन नावं पडतील, तो चिठ्ठीत. ऑर्फाच्या मनात एज्रा मास्ट होता. शांत माणूस, म्हाताऱ्यांच्या घरची लाकडं न सांगता फोडून देणारा. ती दारापाशी वाकली, फटीतून डीकनचा कान दिसला आणि तिच्या तोंडून निघालं, "उरिया श्लाबाख."

घे, पड तुझ्या गळ्यात. बाकावर येऊन बसेपर्यंत तिला गोड वाटत होतं, हे खरं. एकानं काय होतंय? तीन लागतात, आणि त्या माणसाला तिसरं सोडा, दुसरं नाव देणारं कोण भेटणार? तोंडात आलेलं तिनं थुंकून टाकलं होतं, एवढंच.

बिशप बाहेर आले. त्यांनी पाच नावं वाचली. एज्रा पहिला. चौथं नाव उरिया श्लाबाख.

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खोकलं.  आणखी दोघं? कोण? ऑर्फानं आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या बाईचं तोंड उघडं राहिलं होतं.

मेजावर पाच स्तोत्रांची पुस्तकं मांडली, प्रत्येकाला दोरा बांधलेला. एकात चिठ्ठी; ती ज्याच्या पुस्तकात निघेल तो उपदेशक. पाच जण वयानं एकामागून एक गेले आणि आपापलं पुस्तक उचलून बसले. उरियानं पहिलं हाताला आलं ते घेतलं, दुकानात कुलूप घ्यावं तसं. बिशप एज्रापासून सुरू झाले. दोरा सोडला, पानं चाळली, मिटलं. दुसरा, मिटलं. तिसरा उरिया होता. बिशपांनी दोरा सोडला आणि ते थांबले. चिठ्ठी त्यातच होती.

बायकांच्या बाकावरून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. विहिरीत पडणाऱ्या माणसाचा असतो तसा होता. सव्हिला बाकावरून खाली बसली होती. दोघींनी तिला धरलं. उरिया उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. बिशपांनी त्याला जवळ घेऊन बंधुत्वाचं चुंबन दिलं तेव्हा त्याचे मोठाले हात नुसते लोंबत होते.  ऑर्फा पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेली आणि बग्ग्यांच्या रांगेमागं जाऊन उभी राहिली. तीच जीभ, तोच कान, बोटभर फट. आणि समोर एका माणसाचं अख्खं आयुष्य पालथं झालं होतं.

संध्याकाळी सगळ्यांबरोबर ती दोघंही उरियाच्या घरी गेली. मेनो त्याच्याजवळ बसला. ऑर्फानं सव्हिलाचा हात धरला आणि म्हणाली, "देव बळ देईल." सव्हिलानं तिच्याकडं पाहिलं, पण ती एक अक्षर बोलली नाही. आपल्याला ओळखलं की काय, या भीतीनं ऑर्फानं तिचा हात सोडला.

उरियाचा मका मंडळींनी काढून दिला. मेनो रोज जायचा. डिसेंबरात उरियाला पहिल्यांदा उपदेशाला उभं केलं. तो भिंतीशी उभा राहिला आणि बोलेना. घड्याळाचा लंबक ऐकू येत होता. मागच्या बाकावर एक पोर फिस्सकन हसलं आणि त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. ज्या माणसाच्या आवाजानं घोडे सरळ चालायचे, त्याच्या कपाळावरून घाम दाढीत उतरत होता. मग तो कसंबसं म्हणाला, "मला... मला हे येत न्हाई. माझ्यासाठी प्रार्थना करा." आणि खाली बसला. ऑर्फा हे बघायलाच तर थांबली होती ना? तिला काडीचाही आनंद झाला नाही.

नाताळ झाल्यावर दोन दिवसांनी तिच्या डोणीत नळी खाकरली आणि पाणी आलं. तासाभरानं उरिया दारात, हातात पाना, बूट चिखलानं भरलेले.

"वॉल्व्ह उघडला. दोन जागी सांधे निसटले होते, ते बसवले," तो म्हणाला. "आधीच करायला पायजे होतं."

एवढं बोलतानाही त्याला दम लागला. मेनोनं त्याला आत घेतलं. ऑर्फानं कॉफी आणि ॲपल पायचा तुकडा पुढं ठेवला. तो खाईना. कप दोन्ही हातांत धरून बसला.

"बिशपांनी मला एक सांगितलं," तो म्हणाला. "सांगायचं नसतं खरं. माझा धीर सुटला होता म्हणून सांगितलं. माझी तीनच नावं पडली होती. एज्राची सतरा. माझी तीन."

त्यानं कप मेजावर टेकवला.

"मला वाटायचं, या मंडळींत मला कुत्रं इचारत न्हाई. माझं वागणंच तसं. पण तिघांना काहीतरी दिसलं की माझ्यात. आता उभा राहिलो आणि घसा बंद झाला, की मी ती तिघं मोजतो. एक, दोन, तीन. मग तोंड उघडतं." त्यानं मेनोकडं पाहिलं. "त्यातला एक तू असशील, असं मला वाटतं. घोडीचं तसं झालं, तरी तू शब्द काढला न्हाईस."

मेनो कॉफीत बघत राहिला. ऑर्फा चुलीकडं वळली आणि नसलेलं लाकूड सारायला लागली.

त्या हिवाळ्यात उरिया बोलायला शिकला. अडखळायचा, पण खरं बोलायचा. ज्याच्या रानात त्यानं कुंपण सरकवलं होतं, त्या माणसाची त्यानं भर सभेत माफी मागितली. सभेनंतर लोक त्याच्याभोवती थांबायला लागले. आणि ऑर्फाला प्रत्येक रविवार काट्यावर बसल्यासारखा जायला लागला. तो बोलायच्या आधी डोळे मिटायचा आणि त्याचे ओठ तीनदा हलायचे. ते तिच्याशिवाय आणखी कुणाला कळत असेल, असं तिला वाटत नव्हतं.

एप्रिल आला. ईस्टरच्या भोजनाआधीची शांतीची सभा रविवारवर आली. या वेळी बायकांच्या बाजूला फिरून विचारायचं काम नव्या उपदेशकाला दिलं होतं. शनिवारी सकाळी धारा काढताना ऑर्फा गायीच्या पोटाला डोकं टेकून म्हणाली, "मेनो, उरियाच्या तीन नावांत एक माझं होतं."

पलीकडं बादलीत धारेचा आवाज चालू होता.

"चांगलं वाटून न्हाई दिलं. सूड म्हणून दिलं. आणि आता उद्या तोच माझ्यापुढं येऊन शांती इचारणार. मी काय सांगू?"

धारेचा आवाज थांबला.  गाय शेपटीनं झटकत राहिली.

"मीबी त्याचंच दिलं," मेनो म्हणाला.

"तू? तू तर मनापासून दिलं असशील."

"मनापासूनच. शिंगरू पुरलं, त्या दिवशी ठरवलं होतं. म्हटलं, याची रानं ओस पडू दे. चार माणसांत याची छी थू होऊ दे."

ऑर्फा स्टुलावरून उठून गायीला वळसा घालून आली. मेनो खाली मान घालून बसला होता. हाच तो माणूस, ज्यानं तिच्या बादलीची माफी मागितली होती. चौदा वर्षं ती ज्याला मेंढरू समजून त्याच्यावर चिडत आली, त्याच्या पोटात हे होतं, आणि एका ताटात जेवून तिला त्याचा वासही आला नव्हता. तिला उरियापेक्षा त्या घटकेला आपल्याच नवऱ्याची जास्त भीती वाटली.

"त्यानं तुझं नाव घेतलं, तवा कसा गप बसलास?"

"तू कशी बसलीस?"

 बादलीतला फेस बसायला लागला.

"सांगितलं तर तो पुन्हा उभा राहायचा न्हाई," मेनो म्हणाला.

"आणि न्हाई सांगितलं तर आपण उद्या त्याच्या तोंडावर खोटं बोलणार. एकदा बोललोय. मला दुसऱ्यांदा जमायचं न्हाई."

धारा आटोपून दोघं टेकडी चढली.

श्लाबाखांच्या स्वयंपाकघरात सव्हिला शेवया करत होती. अंड्याच्या कणकेच्या पातळ पोळ्या खुर्च्यांच्या पाठींवर वाळत टाकल्या होत्या आणि मेजाच्या एका टोकाला ती सुरीनं बारीक पट्ट्या कापत होती. दुसऱ्या टोकाला उरिया पवित्र पुस्तक उघडून, बोट ओळीवर ठेवून बसला होता.

"या, या," तो उठत म्हणाला. "ओट पेरायला माणूस पायजे का? सोमवारी येतो मी." हा माणूस आपण होऊन 'येतो' म्हणायला लागला होता. 

मेनोनं टोपी काढली, हातात फिरवली आणि तो नुसता उभा राहिला. मग ऑर्फाच बोलली. तिनं काही गाळलं नाही. बादली, खेपा, शिंगरू, दाराची फट. "एक माझं होतं," ती म्हणाली, "आणि एक याचं. तुम्हाला वाटतंय तसं ते न्हाई. दोन्ही रागानं दिली होती. माफ करा म्हणायला आलोय."

उरिया खाली बसला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. त्यानं आपला डावा हात मेजावर ठेवला आणि एक बोट मिटलं, मग दुसरं. तिसरं बोट तसंच उभं राहिलं. तो त्या बोटाकडं बघत होता.

"दोन गेली," तो म्हणाला. "हरकत न्हाई. माझंच करणं. माफ केलं तुम्हाला, देव साक्षी हाय. पण एक हाय अजून. एकाला तरी काहीतरी दिसलं. एकावर उभं राहता येतं."

सुरीचा आवाज थांबला.

"तिसरं माझं होतं," सव्हिला म्हणाली.

उरियाचा चेहरा एकदम सैल झाला. त्याला हसू फुटायला आलं होतं, ते ऑर्फानं डोळ्यांनी पाहिलं. "तुझं?" तो म्हणाला. "सव्हिला, तू मला..."

"रागानं," सव्हिला म्हणाली. "या दोघांहून जास्त रागानं. यांना तुम्ही चार महिने पाणी दिलं न्हाई. मी अठ्ठावीस वर्षं या घरात हाय. मला तुमच्या तोंडून हुकमाबिगर काही आलं न्हाई. पोरं तुमचा बूट वाजला की माळ्यावर पळायची. मी म्हटलं, एकदा याला माणसांपुढं उभं करा. याच्या तोंडातनं शब्द निघू नये. मला जसं होतं तसं याला होऊ दे." तिनं सुरीवरचं पीठ बोटानं पुसलं. "वाटलं, एकानं काय होतंय. आणि चिठ्ठी निघाली तवा मला वाटलं, मी माणूस मारला."

ऑर्फाला बसायला जागा हवी होती आणि सगळ्या खुर्च्यांवर पोळ्या होत्या. मेनोनं तिचा दंड धरला.  ज्यांच्या जोरावर हा माणूस चार महिने माणसांपुढं उभा राहिला, ती तिन्ही माणसं याच खोलीत होती आणि तिघांनीही त्याला बुडवायलाच त्याचं नाव घेतलं होतं.

उरिया तिसऱ्या बोटाकडं बघत होता. ते त्यानं मिटलं नाही. त्याला बहुधा ते मिटताच येत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळानं दहाचे ठोके दिले.

"उद्या बायकांच्या बाजूला मला फिरायचंय," तो शेवटी म्हणाला. आवाज खोल गेला होता. "तुझ्यापाशी येऊन इचारलं, तर काय सांगशील?"

"उद्या कशाला?" सव्हिला म्हणाली. "हितंच इचारा की."

तो उठला. मेजाला वळसा घालून तिच्यापुढं जाऊन उभा राहिला, सभेत उभा राहायचा तसा, हात लोंबते सोडून. डोळे मिटले नाहीत. ओठही हलले नाहीत. मोजायला आता काही उरलं नव्हतं.

"सव्हिला, माझ्याशी तुझी शांती हाय का?"

"न्हाई," ती म्हणाली.

मंडळींचं भोजन अडणार होतं. उद्या बिशपांपुढं, दीडशे माणसांपुढं हे सांगावं लागणार होतं, आणि सांगणारा उपदेशक स्वतःच. ऑर्फाला वाटलं, आता त्याचा आवाज चढणार, जुना, घोड्यांना सरळ करणारा. 

उरियानं जवळच्या खुर्चीवरची पोळी दोन्ही हातांनी, फाटू न देता उचलली, मेजावर पसरली आणि त्या खुर्चीवर तो बायकोसमोर बसला.

"मग सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग."

सव्हिलानं सुरी बाजूला ठेवली. ऑर्फानं मेनोची बाही ओढली आणि दोघं मागच्या पावली बाहेर आली. मेनोनं दार हळूच लावून घेतलं. पायऱ्या उतरेपर्यंत सव्हिला बोलायला लागली होती. चौदा वर्षांच्या शेजारात तिला सलग चार वाक्यं बोलताना ऑर्फानं ऐकलं नव्हतं. दोघं फाटकाशी पोचली, तरी तो आवाज थांबला नव्हता, आणि त्यात दुसरा आवाज एकदाही मिसळला नाही.